कोरडा दगड

१९ फेब्रुवारी १९४०

गणिताच्या जुन्या वह्यांतले उरलेले कोरे कागद काढून ही वही शिवली. रोज लिहीन असे नाही. लिहीन ते खरे लिहीन.

निजाम सरकारच्या तालीम खात्याचे, म्हणजे शिक्षणखात्याचे, उत्तर आले. जूनच्या सत्रापर्यंत शाळेला स्वतःची इमारत आणि मुलींना आवार नसेल तर परवानगी संपली असे समजावे. अकरा वर्षे मी ही मराठी मुलींची शाळा तेलाच्या वखारीवरच्या माडीत चालवते. त्रेसष्ट मुली आहेत. पावसाळ्यात पेंडीचा वास, उन्हाळ्यात तापलेला पत्रा. पुण्याहून बी. ए. होऊन परतले तेव्हा वडिलांचे एक स्नेही म्हणाले होते, हिला आता जालन्यात विचारणार कोण? त्यांच्या दोन नाती माझ्या वर्गात बसतात.

संध्याकाळी काकासाहेब आले. शाळेच्या कमिटीचे ते अध्यक्ष, आणि कुंडलिकेच्या काठच्या एका जिनिंगचे मालक. पत्र वाचून हसले. "बाई, बिलकुल फिकीर करू नका. जिनिंगमागची नदीकडची पट्टी शाळेला दिली. खोलगट आहे, पण भर टाकू. बॉयलरची राख माझी, पडक्या तटाची दगडमाती फुकट, गाड्या माझ्या. तुम्ही फक्त पोरी आणा."

शाळेबरोबर त्यांच्या आवाराचीही भर होईल म्हणाले, कापसाच्या गंजींना जागा हवी आहे. परवान्याचा अर्ज मात्र शाळेच्या नावे, चिटणीस म्हणून माझ्या सहीने करायचा. शाळेच्या अर्जाला तहसिलीत कोणी नाही म्हणत नाही. मी सही केली.

२ मार्च

जागा पाहिली. नदी तिथे रुंद पसरलेली. पात्र बारीक, पण दोन्ही काठांना गवताच्या सपाट पट्ट्या. परीट कपडे वाळवतात, बाकी कोणाच्या उपयोगाच्या नाहीत. पलीकडच्या काठावर माळ्यांची तीस-एक घरे आणि वांग्या-मेथीचे वाफे. त्या वस्तीला थडी म्हणतात. माझ्याकडे भाजी घालणारी गोजरबाई तिथलीच. तिची नात चतुरा माझ्या चौथीत आहे, गणितात सर्वांत पुढे आणि बोलण्यातही.

भरावाचे कंत्राट घेतलेल्या धर्मराज गुत्तेदाराने आज पहिल्या चाळीस गाड्या रिकाम्या केल्या.

७ मार्च

काम बंद पडले. थडीवरची माणसे नदी ओलांडून आली आणि गाड्यांपुढे उभी राहिली. गोजरबाईचा मुलगा पुंजाराम पुढे होता. कारण काय, तर एक दगड.

आपल्या पट्टीच्या कडेला गुडघाभर उंचीचा एक काळा दगड उभा आहे, शेंदूर-कुंकवाने माखलेला. त्याला ते जागल्या म्हणतात. श्रावणात थडीवरची वयाने सर्वांत मोठी बाई येऊन तिथे नदीची ओटी भरते. धर्मराजला तो भरावात गाडायचा होता.

"गाडा की," पुंजाराम म्हणाला, "पन आधी आमाला गाडा."

"अरे, एका दगडासाठी काय धिंगाणा लावलाय?" धर्मराज ओरडला. "दुसरा देतो आणून! चांगला घडीव देतो!"

"तुझ्या बापाच्या जागी दुसरा घडीव बाप आनून देऊ का?"

हसू उसळले, आणि हसण्यानंतर काठ्या सरसावल्या गेल्या. मी मध्ये गेले. सर्वांना खाली बसवले. बसले.

८ मार्च

सकाळी गोजरबाई मेथी घेऊन आली तेव्हा तिला ओट्यावर बसवून नीट विचारून घेतले. सत्तरीची आहे, दात चार, आवाज तहसीलदाराचा.

"जागल्या काय करतो?" मी विचारले.

"राखन करतो. त्याच्या पायाला पानी लागलं की थडी सोडायची. लागलं न्हाई तर कितीबी पाऊस पडू द्या, हलायचं न्हाई."

"आणि हे कोणी ठरवले?"

"माझ्या सासूच्या सासूनं पाह्यल्यालं. मी बी दोनदा पाह्यलं. जागल्याला पानी लागल्यावर भाकरी भाजायच्या, पोटभर खायच्या, कोंबड्या झाकायच्या आन् मंग निघायचं, एवढा वखत भेटतो. येका मान्साचा जीव गेला न्हाई आजवर."

मी तिला सांगितले की तिचा दगड गाडला जाणार नाही. त्याच जागी, वर, भरावाच्या माथ्यावर बसवू. ओळंबा लावून, एका बोटाचाही फरक न करता. सभोवती पार बांधू.

ती बराच वेळ मेथीची जुडी सोडत-बांधत राहिली. "जागा तीच ऱ्हाईल?"

"तीच. फक्त उंच."

"देव दगडात असतो का जाग्यात, बाई?"

असल्या प्रश्नांना माझ्याजवळ वेळ नसतो. "दगडात," मी म्हणाले. "आणि शाळेची घंटा मी त्याच्याच शेजारी टांगीन. दगडाला पाणी लागले की मी स्वतः घंटा वाजवीन. म्हणजे तुम्हांला नदीकडे डोळे लावून बसायला नको."

"तुमी?"

"मी. शब्द दिला."

"मंग बराबर हाये," ती म्हणाली. "तुमी शिकल्याल्या. तुमी चुकायच्या न्हाईत."

दुपारी थडीने वाट सोडली. काकासाहेब म्हणाले, "बाई, तुम्ही जिल्ह्याच्या तालुकदार व्हायला हव्या होत्या." कोणाच्या श्रद्धेला धक्का नाही आणि कामालाही अडथळा नाही. आजचा दिवस चांगला गेला.

२८ एप्रिल

भराव नऊ फूट झाला. नदीच्या अंगाला दगडी भिंत, सरळ, रेघ मारल्यासारखी. लांबी अपेक्षेपेक्षा बरीच जास्त दिसली. काकासाहेबांचे गंजीचे आवार शाळेच्या तिप्पट आहे. विचारले तर म्हणाले, "भिंत घालायचीच तर पुरती घालावी. शाळेचीच मजबुती आहे." ते खरे आहे.

लढाईमुळे सिमेंट नाही. चुन्यात काम चालले आहे. धर्मराज दोनदा ताज्या बांधकामाची भिजवणी चुकवताना सापडला. दोन्ही वेळा त्याला भर उन्हात उभे केले आणि मजुरांदेखत नऊचा पाढा विचारला. आता भिजवणी चुकत नाही.

१० जून

शाळा नव्या इमारतीत सुरू झाली. चार वर्ग, लांब ओसरी, स्वच्छ आवार. कोपऱ्यात जागल्या आपल्या पारावर, शेजारी घंटा. मुली आवारात धावत सुटल्या. मी दटावले नाही. अकरा वर्षांत त्यांना धावताना पाहिले नव्हते.

२५ जून

चौथीला हौदाचे गणित घातले. अमुक लांबीरुंदीच्या हौदात अमुक पाणी असता उंची किती? रुंदी निम्मी केली, पाणी तेवढेच, तर उंची किती? चतुराने उत्तर पाटीवर न मांडताच सांगितले. मग उभीच राहिली.

"बाई, नदीची रुंदी कमी केली तर?"

"नदी हौद नाही. नदी वाहते."

"पन बाई, पावसात..."

"पण."

"पण बाई, पावसात पाणी तेवढंच येतं ना? आपली भिंत तर पार मधी आली. आन् जागल्या वर गेला, आमची घरं न्हाई गेली वर."

वर्ग हसला. मी तिला बसवले आणि 'नाही' दहा वेळा लिहायला सांगितले. हुशार मुलींना विषयांतराची सवय फार लवकर लागते.

३० जुलै

दोन दिवस साधासा पाऊस. थडीच्या वांग्याच्या वाफ्यांत पाणी शिरल्याचे पुंजाराम सांगायला आला. "एवढ्याशा पावसात कंदी येत न्हवतं, बाई. पानी तुमच्या भिंतीला धडकून आमच्या अंगावर येऊन राह्यलंय."

काकासाहेबांना विचारले. ते म्हणाले, "नदीकाठी वांगी लावायची आणि नदी आली म्हणून रडायचं. माळ्यांचं हे नेहमीचं आहे." तामीरातच्या, म्हणजे बांधकाम खात्याच्या, ओव्हरसियरने भिंत पाहून पास केली आहे, हेही सांगितले.

पुंजारामला मी हे कळवले. तो म्हणाला, "जागल्या कोरडा हाये नव्हं? मंग असू द्या."

१२ ऑगस्ट

श्रावणातला दुसरा सोमवार. थडीवरच्या बायका ओटी भरायला आल्या. गोजरबाई भरावाच्या सतरा पायऱ्या मोजत, प्रत्येक पायरीला धर्मराजच्या एकेका पूर्वजाचे नाव घेत चढली. तिने दगडाला कुंकू लावले, खण ठेवला. तीही विधवा, मीही. मला आश्चर्य वाटले, आणि ते तिने ओळखले.

"नदीला कुठं नवरा हाये, बाई? तिला आपल्यासारख्याच चालत्यात. तुमी बी लावा की."

मी नको म्हटले. असल्या गोष्टींत मी पडत नाही.

जाताना ती पारावर उभी राहून पलीकडे पाहत होती. "हितून आमची घरं लई खाली दिसून राह्यलीत."

"उंचावरून सगळेच खाली दिसते."

"तेबी खरं," ती म्हणाली, आणि घंटेच्या दोरीला हात लावून पाहिला. "शब्द याद हाये ना?"

"मी शब्द विसरत नाही, गोजरबाई."

११ सप्टेंबर

एकसष्ट मुली हजर होत्या. सर्व सुरक्षित. आज आणखी लिहिता येत नाही.

१४ सप्टेंबर

क्रमाने लिहिते.

मंगळवारी दुपारपासून पाऊस. बुधवारी सकाळी शाळा भरली. अकरा वाजता नदी गढूळ, दोन्ही काठ भरून. बाराला पलीकडच्या वाफ्यांवर पाणी. मी छत्री घेऊन जागल्याच्या पाराशी गेले. भिंतीवर पाण्याची रेघ माथ्यापासून साडेसहा फूट खाली होती. दगड कोरडा. पलीकडे माणसे दाराशी उभी राहून आमच्याच बाजूला पाहत होती. मला दिसत होती. त्यांनाही मी दिसत असणार.

साडेबाराला साडेपाच फूट. एकला साडेचार. एवढ्या वेगाने पाणी चढताना मी कधी पाहिले नव्हते. तरी दगडाला अजून साडेचार फूट अवकाश होता, आणि मी शब्द दिला होता तो दगडाला पाणी लागण्याचा. उगाच घंटा वाजवली आणि पाणी ओसरले तर पुढच्या वेळी घंटेवर कोण विश्वास ठेवणार, असा विचार मी केला. तो विचार मला आठवतो, शब्दन् शब्द.

चतुरा वर्गातून धावत आली, भिजत. "बाई, वाजवा! जागल्याच्या जुन्या जागेवर पानी कवाच चढलं!"

"वर्गात जा."

"त्याचे पाय नऊ फूट खाली होते, बाई! आता वर साडेचारच ऱ्हायलेत! वाजवा!"

तिने दोरी धरली. मी तिचा हात धरला. घट्ट धरला. दोन ठोके पडले असतील. "नियम नियम असतो," असे मी तिला म्हणाले. पाण्याच्या आवाजात तिला ते ऐकू गेले की नाही, ठाऊक नाही. मला ऐकू गेले.

मग पलीकडे कोपऱ्यातल्या घराची भिंत बसली. कोसळली नाही, बसली, म्हैस बसते तशी. मी तिचा हात सोडला आणि दोघींनी मिळून दोरी ओढली. किती वेळ, ते माहीत नाही. माणसे वस्तीमागच्या टेकाडाकडे पळताना दिसली.

जागल्या शेवटपर्यंत कोरडा राहिला. पाणी त्याच्यापासून चार फुटांवर थांबले आणि उतरले.

बावीस घरे गेली. तीन माणसे. भुजंग नावाचा एक लंगडा माणूस, एक बाळंतीण, आणि गोजरबाई.

१७ सप्टेंबर

थडीची माणसे शाळेच्या चारी वर्गांत राहत आहेत. इमारत पक्की निघाली. काल शहरातली बडी मंडळी येऊन माझे अभिनंदन करून गेली, शाळा नसती तर ही माणसे कुठे गेली असती म्हणाली. मी भाकरीच्या टोपल्या मोजत राहिले.

दुपारी पुंजाराम ओसरीच्या खांबाला टेकून बसला होता. मी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले. तो आपणहूनच बोलला.

"आधी दोनदा वाजली आन् बंद झाली. म्या म्हन्लं, आये, चल जल्दी. ती म्हनली, पोरींनी चाळा केला आसंल. त्यो बघ जागल्या, कोरडा हाये. बाई उभ्या हायेत त्याच्यापाशी. बाई चुकायच्या न्हाईत. चुलीवर तवा ठिवल्ता तिनं. म्हनली, पानी लागू दे जागल्याला, मंग भाकरी भाजू, खाऊ आन् निघू."

मी विचारले, "मग?"

"मंग काय, बाई."

२० सप्टेंबर

काकासाहेब एक कागद घेऊन आले. चौकशीला तहसीलदार येणार आहेत. कागदावर लिहिले होते की पूर अतिवृष्टीने आला, शाळेच्या बांधकामाचा त्याशी संबंध नाही, आणि पुराची खूण असलेला दगड पूर्वापार ज्या जागी होता त्याच जागी आहे. खाली चिटणीस म्हणून माझ्या सहीला जागा.

"त्याच जागी नाही," मी म्हणाले.

"ओळंबा तुम्हीच लावला होता, बाई. एका बोटाचा फरक नाही, हे तुमचेच शब्द."

ते खरे आहे. ते वाक्य मीच गोजरबाईला दिले होते.

"भराव बेकायदा ठरला तर शाळा जाईल," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. त्यांना वाईट वाटत होते, हेही लिहिले पाहिजे. "त्रेसष्ट पोरी, बाई. मेलेली माणसं तर परत येत नाहीत. पोरींनी काय केलं?"

कागद टेबलावर ठेवून गेले.

२३ सप्टेंबर

तीन दिवस कागद तिथेच आहे. मुलींचा विचार करते. त्या आवारात धावतात. परवानगी गेली तर निम्म्यांची लग्ने याच वर्षी होतील. मला त्यांची नावे सांगता येतात.

आज शाळा सुटल्यावर चौथीच्या फळ्यावर हौदाचे गणित पुन्हा मांडले. भरावापूर्वी काठापासून काठापर्यंत दोनशे वीस पावले, आता एकशे चाळीस. नदी हौद नाही, वाहते, म्हणून हिशेब अधिक कठीण आहे आणि नेमका आकडा मला काढता येत नाही. पण उत्तर कोणत्या बाजूला जाणार हे काढायला बी. ए. लागत नाही. चौथी पुरते.

फळा पुसला नाही.

२५ सप्टेंबर

काकासाहेबांच्या कागदावर सही केली नाही. स्वतःचा लिहिला. भरावाचा अर्ज माझ्या सहीचा. भराव नदीच्या पसरण्याच्या जागेवर आहे. दगड ८ मार्चच्या माझ्या निर्णयाने नऊ फूट वर नेला. घंटेची दोरी बुधवारी माझ्या हातात होती, आणि एका मुलीने ती वेळेवर ओढली असता मी तिचा हात धरला. तहसीलदारांनी वाचून विचारले, "हे शेवटचं लिहायची जरूर आहे का?" मी म्हणाले, आहे.

ते म्हणाले, भिंतीचे काय करायचे ते वरून ठरेल, वर्ष लागेल, दोन लागतील. शाळा मात्र चौकशी होईपर्यंत इथून हलवावी.

काकासाहेब माझ्याशी बोलत नाहीत.

३ ऑक्टोबर

पुन्हा वखारीवरची माडी. थडीच्या लोकांना शाळेची इमारत घरे उभी राहीपर्यंत द्यावी, असे मी कमिटीला लेखी कळवले. कोणी विरोध केला नाही, कारण बैठकीला कोणी आले नाही.

चौतीस मुली आल्या. चतुरा आली नाही.

९ ऑक्टोबर

परवा पुंजाराम निरोप न देता आला. "जागल्याला खाली न्यायचंय. जागा कुठली ती दावा."

वरून काय ठरेल त्याची वाट पाहावी, असे मी म्हणू शकले असते. जागा शाळेच्या नावे आहे आणि चिटणीस अजून मीच आहे. मी छत्री घेतली आणि निघाले.

भिंतीचे दगड त्यांनी नदीच्या अंगाने काढले आणि भराव कापत आत गेले. राख, विटांचे तुकडे, तटाची माती, पुन्हा राख. दोन दिवस. धर्मराज लांबून पाहत होता, मग आपणहून पहार घेऊन आला. कोणी त्याला हाकलले नाही.

आज दुपारी काळी माती लागली. तिच्यात दगडाच्या बुडाचा खळगा जसाच्या तसा होता, आणि खळग्याच्या कडेला कुंकू. सात महिने नऊ फूट राखेखाली राहून अजून लाल.

जागल्या आठ जणांनी खाली उतरवला. गोजरबाईमागे थडीवर वयाने मोठी सोनूबाई. ती काठी टेकत कापलेल्या खिंडीतून आत आली आणि तिने कुंकवाची वाटी उघडली. दगड थोडा कलता वाटला म्हणून मी आधार द्यायला पुढे झाले.

"तुमी नका लावू हात," सोनूबाई म्हणाली. रागाने म्हणाली नाही.

मी हात मागे घेतला.

चतुरा वर भरावाच्या कडेला उभी होती, दोरी घेऊन, टोकाला दगड बांधलेला. तिने दोरी खाली सोडली, जागल्याच्या पायाशी टेकवली आणि वर गाठ मारली. मग फूटपट्टीने मोजून तिथूनच ओरडून सांगितले, "नऊ फूट, दोन इंच." मला उद्देशून नव्हते, पण वही माझ्याच हातात होती.

नऊ फूट दोन इंच. लिहून घेतले.